निवृत्तीची पुंजी आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



शिक्षण परिषदेच्या व्यासपीठावरून वाचन, गणन, पटनोंदणी, उपस्थिती अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आज मात्र अध्यक्षांच्या अनुज्ञेने मी एक निराळा विषय आपल्यापुढे मांडणार आहे. आपण तीस-पस्तीस वर्षे सेवा करून जी पुंजी साठवितो, ती हाती आल्यावर प्राप्तिकराच्या विवरणपत्रात कशी दाखवावी, हा तो विषय होय. प्रथमदर्शनी तो रुक्ष वाटेल. परंतु या एका बाबतीतील अज्ञानामुळे चांगल्या चांगल्या शिक्षकांची उतारवयातील झोप उडालेली मी पाहिली आहे, म्हणून हे धाडस करीत आहे.

प्रथम एक हकीकत सांगतो. ज्यांच्या हाताखाली मी उमेदवारीची वर्षे काढली, असे एक वृद्ध मुख्याध्यापक एके दिवशी कापडी पिशवी घेऊन माझ्या घरी आले. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षे झाली होती. निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या वेतनातून व थकबाकीतून कर कापला गेला होता. फॉर्म भरून देणाऱ्या एका गृहस्थाने "गुरुजी, कापलेला सगळा कर परत आणून देतो, मला त्यातला हिस्सा द्या," असे सांगितले. गुरुजींनी विश्वासाने सही केली व परतावा मिळाला. पुढे प्राप्तिकर विभागाचा संदेश आला, तेव्हा उघड झाले की विवरणपत्रात न घेतलेल्या गृहकर्जाचे व्याज आणि न दिलेली देणगी दाखविली आहे. भविष्य निर्वाह निधी, उपदान व अंशराशीकरण यांच्या ज्या मोठ्या रकमा खरोखरच करमुक्त होत्या, त्यांचा मात्र विवरणपत्रात कोठेही उल्लेख नव्हता. बँकेत एकाएकी एवढी रक्कम कोठून आली, याचा जाब तेवढा शिल्लक राहिला होता.

गुरुजी मला म्हणाले, "अरे, नक्कल करू नका म्हणून मी जन्मभर मुलांना सांगत आलो, आणि शेवटच्या परीक्षेत माझ्याच उत्तरपत्रिकेत दुसऱ्याने खोटे लिहून ठेवले. आता तूच सांग, मी कोणाला तोंड दाखवू?"

आम्ही दोघांनी बसून सर्व कागद लावले. अद्ययावत विवरणपत्र भरून, घेतलेला परतावा व्याजासह आणि अतिरिक्त करासह त्यांनी शासनास परत केला. त्या गृहस्थाने घेतलेला हिस्सा अर्थातच परत आला नाही. पैसा गेला त्याचे त्यांना फारसे वाटले नाही, परंतु नावाला लागलेल्या डागाचे दुःख त्यांच्या बोलण्यातून अजूनही जात नाही.

दोष केवळ त्यांच्याकडे नव्हता, हेही येथे कबूल केले पाहिजे. मी स्वतः काही वर्षांपूर्वी घरबांधणीसाठी भविष्य निर्वाह निधीतून ना-परतावा अग्रिम घेतले होते आणि कोणीतरी सांगितले म्हणून ते 'अन्य उत्पन्न' म्हणून दाखवून त्यावर निष्कारण कर भरला होता. चूक ध्यानात आली तेव्हा दुरुस्तीची मुदत टळून गेली होती. एकाने दाखवावयाचे ते दाखविले नाही आणि दुसऱ्याने नको ते दाखविले. दोन्ही चुकांचे मूळ एकच, ते म्हणजे कोणती रक्कम कोणत्या रकान्यात जाते याची माहिती नसणे.

आता तत्त्वाकडे वळू. पूर्वी आपल्या शाळांतून फी घेतली जात असे, तेव्हा नादारीची पद्धत होती, हे वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. नादारी मिळालेल्या विद्यार्थ्याचे नाव पटावर असे, हजेरी लागे, परीक्षाही होई. केवळ फीच्या रकान्यात 'नादार' असा शेरा पडे. फी माफ आहे म्हणून गुरुजींनी त्याचे नावच पटावरून गाळले, असे कधी होत नसे. करमुक्त उत्पन्नाचेही नेमके असेच आहे. त्यावर कर नाही याचा अर्थ ते विवरणपत्रात लिहावयाचे नाही असा होत नाही. पटावर नाव आणि रकान्यात 'नादार', एवढे सूत्र ध्यानात ठेवले तर निम्मा विषय समजला असे मी मानतो.

कायद्याविषयी एक खुलासा करतो. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नास प्राप्तिकर अधिनियम, १९६१ लागू आहे आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू आहे. नव्या अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले असल्याने मी कलमे सांगत बसणार नाही. रकमेचा स्वभाव ओळखावयास शिकलो की क्रमांक पुस्तकात पाहता येतो. आता एकेक रक्कम घेऊ.

१. भविष्य निर्वाह निधी. ज्यांची नियुक्ती १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आहे, त्यांचा हा मुख्य आधार. सेवेत असताना घेतलेले परतावा अग्रिम हे आपल्याच खात्यातून घेतलेले उसने होय. ते उत्पन्नच नसल्याने कोठेही दाखवावयाचे नाही. ना-परतावा अग्रिमावरही कर नाही. निवृत्तीच्या वेळी मिळणारी अंतिम रक्कम संपूर्ण करमुक्त आहे. ती विवरणपत्रातील 'करमुक्त उत्पन्न' या भागात, वैधानिक भविष्य निर्वाह निधी या सदराखाली लिहावी. एक अपवाद १ एप्रिल २०२१ पासून आला आहे. ज्या निधीत शासनाचे अंशदान नसते, त्यात कर्मचाऱ्याने एका वर्षात ५ लाखांहून अधिक वर्गणी भरली, तर वरच्या भागावरील व्याज करपात्र ठरते. आपल्यापैकी फारच थोड्यांवर हा प्रसंग येईल.

येथेच थकबाकीचा उल्लेख केला पाहिजे. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे हप्ते आपल्यापैकी अनेकांच्या भविष्य निर्वाह निधीत जमा झाले. 'हातात आले नाहीत, तेव्हा कर कसला?' असे पुष्कळांना वाटते. परंतु ते वेतनच आहे. जमा झाले त्या वर्षी ते वेतनात धरले जाते, आणि पुढे निधीतून काढताना त्यावर पुन्हा कर लागत नाही. मागील वर्षांचे वेतन एकाच वर्षी आल्यामुळे कराचा बोजा वाढला असेल तर कायद्याने दिलासा ठेवला आहे. त्यासाठीचे ठरावीक प्रपत्र मात्र विवरणपत्रापूर्वी भरावे लागते, नाही तर दिलासा नाकारला जातो.

२. सेवानिवृत्ति उपदान. राज्य शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांना सेवानियमांनुसार मिळणारे उपदान संपूर्ण करमुक्त आहे. जिल्हा परिषद हे स्थानिक प्राधिकरण होय. खाजगी आस्थापनांना लागू असलेल्या २० लाखांच्या करमुक्त मर्यादेशी त्याची गल्लत करू नये. ही रक्कम प्रथम एकूण वेतनात मिळवावयाची आणि नंतर करमुक्त भाग म्हणून तेथेच वजा करावयाची, अशी विवरणपत्राची रीत आहे.

३. अंशराशीकरण. निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून जी एकठोक रक्कम आपण घेतो, तीही आपल्या बाबतीत संपूर्ण करमुक्त आहे आणि उपदानाप्रमाणेच दाखवावयाची आहे.

४. मासिक निवृत्तिवेतन. हे मात्र पूर्णपणे करपात्र असून 'वेतन' या सदरात जाते. 'मी आता नोकरीत नाही, मला वेतन कसले?' असे म्हणून ते अन्यत्र लिहू नये, कारण वेतनाच्या सदरात लिहिले तरच प्रमाणित वजावट मिळते. ती नव्या करपद्धतीत ७५,००० रुपये व जुन्या पद्धतीत ५०,००० रुपये आहे.

५. कुटुंब निवृत्तिवेतन. शिक्षकाच्या पश्चात त्याच्या पत्नीस अथवा पतीस मिळणारे हे वेतन 'अन्य मार्गांचे उत्पन्न' ठरते. त्यातून एक तृतीयांश किंवा ठरावीक रक्कम, यांपैकी कमी असेल तेवढी वजावट मिळते. ती ठरावीक रक्कम नव्या पद्धतीत २५,००० व जुन्या पद्धतीत १५,००० रुपये आहे. मृत शिक्षकाच्या भविष्य निर्वाह निधीची व उपदानाची वारसास मिळालेली रक्कम करमुक्त असते. आपल्या दिवंगत सहकाऱ्याच्या घरी जाऊन हे समजावून सांगणे, हे मी आपले कर्तव्य समजतो. दुःखाच्या दिवसांत अशा घरी मध्यस्थ लवकर पोहोचतात आणि आपण उशिरा पोहोचतो.

६. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्या तरुण मंडळींनी इकडे विशेष लक्ष द्यावे. प्रथम अंशदायी योजनेत आणि पुढे राष्ट्रीय योजनेत त्यांची व शासनाची वर्गणी जमा होत आली आहे. सेवानिवृत्तीच्या वेळी जमा पुंजीच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम एकठोक काढता येते व ती करमुक्त असते. किमान ४० टक्क्यांतून वार्षिकी विकत घ्यावी लागते. वार्षिकीसाठी गेलेली रक्कम त्या वेळी उत्पन्न धरली जात नाही. परंतु त्या वार्षिकीतून दरमहा जे मिळेल, ते त्या त्या वर्षी करपात्र होते. ते माजी सेवायोजकाकडून न येता विमा कंपनीकडून येत असल्याने सामान्यतः 'अन्य मार्गांचे उत्पन्न' म्हणून दाखविले जाते, आणि त्यावर वेतनाची प्रमाणित वजावट मिळत नाही.

उदाहरणार्थ, पुंजी २० लाख असेल तर १२ लाख हाती येतील ते करमुक्त, ८ लाख वार्षिकीकडे जातील तेही त्या दिवशी करपात्र नाहीत, आणि पुढे वार्षिकीचे जे रुपये येतील ते करपात्र. सेवेत असताना आजार, मुलांचे शिक्षण, विवाह, घर अशा कारणांसाठी अंशतः रक्कम काढता येते. ती स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत करमुक्त आहे. येथे 'स्वतःची वर्गणी' हे शब्द नीट वाचावेत. शासनाचा वाटा आणि दोहोंवरील वाढ यांत धरावयाची नाही. स्वतः ४ लाख भरले असतील तर १ लाख, एवढाच हिशेब.

७. कर्मचारी भविष्य निधी. आपल्यापैकी कित्येक तरुण शिक्षक शासकीय सेवेत येण्यापूर्वी एखाद्या खाजगी संस्थेत दोन-तीन वर्षे काम करून आलेले असतात. नवी नोकरी लागली की ते जुन्या संस्थेतील निधी काढून घेतात आणि विसरून जातात. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्यापूर्वी काढलेली ही रक्कम सामान्यतः करपात्र असते. प्रकृती ढासळल्यामुळे किंवा सेवायोजकाचा व्यवसाय बंद पडल्यामुळे नोकरी सुटली असेल तर सवलत आहे, स्वतःहून सोडली असेल तर नाही. सेवायोजकाचा वाटा व त्यावरील व्याज वेतनात जाते, स्वतःच्या वाट्यावरील व्याज अन्य उत्पन्नात जाते, आणि स्वतःच्या वर्गणीवर पूर्वी वजावट घेतली असेल तर तीही परत मोजली जाते. रक्कम ५०,००० किंवा अधिक असल्यास १० टक्के कर आधीच कापला जातो. कर कापला म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. ती रक्कम विवरणपत्रात दाखवून शेवटचा हिशेब आपणच करावयाचा असतो.

८. व्याज. सर्वांत अधिक चुका येथे होतात. निवृत्तीची रक्कम करमुक्त, म्हणून ती बँकेत ठेवल्यावर मिळणारे व्याजही करमुक्त, असा समज सार्वत्रिक आहे. तो सर्वथा चुकीचा आहे. नादारी त्या एका मुलापुरती होती, त्याच्या धाकट्या भावास ती आपोआप मिळत नसे. बँकेतील मुदत ठेवींचे व्याज दरवर्षी करपात्र उत्पन्नात मिळवावेच लागते.

आता एक संपूर्ण उदाहरण फळ्यावर मांडावे तसे मांडतो. समजा, एक शिक्षिका ३१ मे २०२५ रोजी निवृत्त झाल्या. एप्रिल व मे यांचे वेतन १,८०,००० रुपये. पुढे वर्षअखेरपर्यंतचे निवृत्तिवेतन ४,५०,००० रुपये. भविष्य निर्वाह निधी १८ लाख, उपदान १४ लाख व अंशराशीकरण १५ लाख, मिळून ४७ लाख रुपये. त्यांतील बरीचशी रक्कम मुदत ठेवीत ठेवली, तिचे व्याज १,६०,००० रुपये.

करपात्र हिशेब असा. वेतन व निवृत्तिवेतन मिळून ६,३०,०००. त्यातून नव्या पद्धतीची प्रमाणित वजावट ७५,००० जाता ५,५५,०००. त्यात व्याज १,६०,००० मिळविले की एकूण उत्पन्न ७,१५,०००. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, उरलेल्या ३,१५,००० वर ५ टक्क्यांनी १५,७५० रुपये होतात, आणि अशा उत्पन्नास १२ लाखांपर्यंत करसूट असल्याने तेही माफ होतात. म्हणजे बाईंना एक रुपयाही कर नाही. परंतु कोणी अज्ञानाने ते ४७ लाख करपात्र सदरात मिळविले, तर कराचा आकडा बारा लाखांच्या वर जातो! आणि ते ४७ लाख मुळीच दाखविले नाहीत, तर बँकेतील ठेवी कोठून आल्या, असा प्रश्न उभा राहू शकतो. योग्य रकान्यात लिहिले की दोन्ही संकटे टळतात.

येथे कोणी विचारील, 'कर शून्य आहे, तर विवरणपत्र भरावयाचेच कशाला?' करसूट वेगळी आणि विवरणपत्राची सक्ती वेगळी. वजावटी व करसूट यांपूर्वीचे उत्पन्न मूळ मर्यादेपेक्षा, म्हणजे नव्या पद्धतीत ४ लाखांपेक्षा, अधिक असेल तर कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावेच लागते. ७५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि केवळ निवृत्तिवेतन व त्याच बँकेचे व्याज एवढेच उत्पन्न असलेल्या वृद्धांना, बँकेस ठरावीक जाहीरपत्र दिल्यास, यातून सूट मिळते.

विवरणपत्र भरण्यास बसताना पुढील क्रम ठेवावा, असे मी सुचवितो.

पहिली गोष्ट, आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडून मिळणारे वेतन व करकपातीचे प्रमाणपत्र, ज्यास आजवर आपण फॉर्म १६ म्हणत आलो, ते घ्यावे. निवृत्तीच्या वर्षी वेतन एका ठिकाणाहून व निवृत्तिवेतन दुसऱ्या ठिकाणाहून येते. दोन्हींची बेरीज करावी. दोन्ही ठिकाणी प्रमाणित वजावट धरलेली असण्याचा संभव असतो, ती एकदाच घ्यावी.

दुसरी गोष्ट, प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण उघडून पाहावे. बँकांनी आपले व्याज व कापलेला कर यांची माहिती तेथे आधीच दिलेली असते. आपली कीर्द आणि त्यांची खतावणी जुळली पाहिजे.

तिसरी गोष्ट, फॉर्म योग्य निवडावा. साध्या नोकरदाराला 'सहज' हा फॉर्म पुरतो. परंतु आपण खेड्यातील माणसे. ज्यांचे शेतीचे उत्पन्न वर्षास ५,००० रुपयांहून अधिक आहे, त्यांना 'सहज' चालत नाही, दुसरा फॉर्म घ्यावा लागतो.

चौथी गोष्ट, मुदत पाळावी. आपल्यासारख्यांसाठी ती सामान्यतः ३१ जुलै असते. विवरणपत्र पाठविल्यावर ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी. पडताळणी न केलेले विवरणपत्र म्हणजे सही न केलेला दाखला होय.

पाचवी आणि महत्त्वाची गोष्ट, निधीचे अंतिम प्रदानपत्र, उपदानाचा व अंशराशीकरणाचा आदेश आणि बँकेचे पुस्तक यांची एक संचिका करून ठेवावी आणि ती कोठे आहे हे घरातील माणसांस सांगून ठेवावे.

चूक झालीच तर घाबरू नये आणि लपवूही नये. मुदतीत सुधारित विवरणपत्र भरता येते. ती मुदत टळली तर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे. १ एप्रिल २०२५ पासून त्याची मुदत करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढविली आहे. मात्र जितका उशीर तितका अतिरिक्त कर अधिक, म्हणजे २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत, भरावा लागतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले तर दंड कराच्या दुप्पट होऊ शकतो. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर विभागाने खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्यांविरुद्ध देशात ठिकठिकाणी तपासणी केली, हे आपण वाचले असेल. विवरणपत्र कोणीही भरून देवो, त्याची जबाबदारी करदात्याची असते. परताव्यात हिस्सा मागणाऱ्या माणसाच्या हाती आपली सही देऊ नये, एवढे माझे कळकळीचे सांगणे आहे. जाणकारास कामाचा योग्य मोबदला अवश्य द्यावा, वाटा मात्र कोणासही देऊ नये.

शेवटी एक सूचना करून थांबतो. प्रत्येक केंद्रात या वर्षी निवृत्त होणारे दोन-चार शिक्षक असतात, आणि संगणक सहज हाताळणारे तरुण शिक्षकही असतात. जून-जुलै महिन्यांतील एका शनिवारी दुपारी केंद्रशाळेत या दोघांनी एकत्र बसावे. वडिलांनी कागद आणावेत, तरुणांनी संकेतस्थळ उघडावे. तरुणांना त्यातून पुढे आपल्यावर काय येणार आहे हे कळेल, आणि वडिलांना कोणाच्या दारी जावे लागणार नाही. ते वृद्ध मुख्याध्यापक पहिल्या बैठकीस येण्यास तयार आहेत. आपली चूक ते स्वतः सांगणार आहेत. "मुलांपुढे चूक कबूल करावयास मी कधी लाजलो नाही, मग शिक्षकांपुढे का लाजू?" असे ते परवाच मला म्हणाले.

ज्या हातांनी आपण पस्तीस वर्षे हजेरीपट खरा ठेवला, त्या हातांनी हाही पट खरा ठेवावा, इतकीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.